पेरोव्स्काइट सौरघटांची कार्यक्षमता : टक्केवारीच्या निकषाची चिकित्सा
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
सौरऊर्जा संशोधनाच्या इतिहासात पेरोव्स्काइट घटाइतकी झपाट्याने प्रगती क्वचितच दुसऱ्या घटाने केली असेल. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट नोंदविला. २०१२ मध्ये घनरूप घटांनी दहा टक्क्यांच्या आसपास मजल मारली आणि आज एकेरी घटाची प्रमाणित कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सिलिकॉनला हाच पल्ला गाठण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. ही वाटचाल विलक्षण आहे, यात वाद नाही. वाद आहे तो 'कार्यक्षमता' या शब्दाने नेमके काय मोजले जाते, याविषयी. प्रस्तुत लेखात हा निकष पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या छपरांच्या संदर्भात तपासला आहे.

वाढ कशामुळे झाली?
प्रकाश शोषल्यावर मुक्त झालेले इलेक्ट्रॉन व त्यांच्या रिक्त जागा बाहेरील मंडलात पोहोचण्यापूर्वीच पुन्हा एकत्र आल्या, तर ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा पुनर्संयोग मुख्यतः स्फटिकातील दोषांपाशी आणि दोन थरांच्या सीमेवर घडतो. गेल्या काही वर्षांतील वाढ ही बहुतांशी हे दोष झाकणाऱ्या पॅसिव्हेशन उपचारांची आणि सीमेवर बसविलेल्या एकरेण्वीय थरांची देणगी आहे. मिथिलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम वापरल्याने शोषणाची कक्षाही वाढली. अर्धा मायक्रॉन जाडीचा थर, दीडशे अंशांच्या आत होणारी प्रक्रिया, सिलिकॉन वितळविण्यासाठी लागणाऱ्या १,४१४ अंशांच्या भट्टीची गरज नाही! आकर्षण समजण्याजोगे आहे.

मात्र प्रयोगशाळेतील अनेक विक्रमी आकडे नखाहूनही लहान क्षेत्रफळाच्या घटांवर मिळालेले असतात. क्षेत्र वाढले की थराची एकसमानता बिघडते आणि टक्केवारी उतरते. शिवाय विभवांतर चढवत नेले तर एक आकडा व उतरवत आणले तर दुसरा, अशी या घटांची जुनी खोड आहे. दोहोंपैकी मोठा आकडाच छापला गेल्याचीही उदाहरणे आहेत. २०२० मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी टिकाऊपणाच्या चाचण्यांविषयी सहमतीचे निवेदन प्रसिद्ध केले, ते अशाच विस्कळीत नोंदींना शिस्त लागावी म्हणून.

छपरावरचा हिशोब :
सौर पॅनेलची टक्केवारी २५ अंश तापमान व दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश या प्रमाणित स्थितीत ठरते. एप्रिलमध्ये भोसरी वा महाळुंगे येथील पत्र्याच्या शेडवर पॅनेल याहून कितीतरी अधिक तापते. याबाबतीत पेरोव्स्काइटला न्याय द्यावयास हवा, कारण तापमानवाढीने त्याची कार्यक्षमता सिलिकॉनच्या तुलनेत कमी घटते. पण तीच उष्णता दीर्घकाळ राहिल्यास त्याचे रासायनिक विघटन सुरू होते आणि जूननंतर दमट हवा उरलेले काम करते. ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता व १,००० तास ही आंतरराष्ट्रीय चाचणी येथे औपचारिकता राहत नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. २० टक्के कार्यक्षमतेचे सिलिकॉन पॅनेल दरवर्षी अर्ध्या टक्क्याने क्षीण होते, तर २६ टक्क्यांचे काल्पनिक पेरोव्स्काइट पॅनेल दरवर्षी पाच टक्क्यांनी, असे मानू. सहाव्या वर्षी दोन्ही जवळपास बरोबरीला येतात; दहा वर्षांनंतर दुसऱ्याकडे सोळा टक्केही उरत नाहीत. पंचवीस वर्षांची एकूण वीज मोजली, तर 'अधिक कार्यक्षम' पॅनेल सुमारे एक पंचमांश वीज कमी देते. कारखान्याचा लेखापाल हे गणित पाच मिनिटांत मांडेल. संशोधन निबंधांत ते अभावानेच आढळते.

टँडेमचा मार्ग :
पेरोव्स्काइटचा थर सिलिकॉनवर चढविणे, हा या कोंडीतून निघण्याचा सध्याचा सर्वांत आश्वासक मार्ग होय. वरचा थर निळा प्रकाश घेतो, तांबडा खाली जातो. भारतात यासंबंधीचे ठळक काम मुंबईत झाले आहे. २०१० मध्ये आयआयटी मुंबई येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राशी निगडित दिनेश काब्रा यांच्या गटाने चार अग्रांची रचना स्वीकारली. तीत दोन्ही घटांचा प्रवाह समान असण्याची अट नसते आणि वरचा घट क्षीण झाला तरी खालचा स्वतंत्रपणे वीज देत राहतो. २०२५ मध्ये या प्रयत्नांतून २९.८ टक्के कार्यक्षमता जाहीर झाली. चीनच्या लाँगी कंपनीचा त्याच वर्षीचा ३४.८५ टक्क्यांचा विक्रम याहून मोठा आहे. परंतु तो दोन अग्रांच्या लहान घटाचा आहे, हे ध्यानात न घेता केलेली तुलना फसवी ठरते. ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिली व्यापारी टँडेम पॅनेले रवाना केली, तेव्हा त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. विक्रम आणि विक्री यांतील हे अंतर बोलके आहे.

शिशाचा आक्षेपही प्रमाणात पाहावा लागेल. एक चौरस मीटर थरात शिसे ग्रॅमभरही नसते, तर याच पट्ट्यात तयार होणाऱ्या ट्रकच्या बॅटरीत ते कित्येक किलो असते. फरक इतकाच, की बॅटरी भंगारवाला विकत घेतो. फुटलेले पॅनेल कोण घेणार? पवना-इंद्रायणीकाठच्या पट्ट्यात याचे उत्तर पॅनेल बसविण्यापूर्वीच हवे.

महाविद्यालयीन संशोधनाची दिशा :
पुण्यातच आयसर येथे अंगशुमन नाग यांचा गट हॅलाइड पेरोव्स्काइटच्या नॅनोस्फटिकांवर मूलभूत काम करतो. तशी साधने महाविद्यालयांकडे नाहीत. तरीही स्पिन कोटर मिळताच दशांश टक्क्याच्या शर्यतीत उतरण्याचा मोह होतो, आणि पदोन्नतीच्या गुणांकनात त्या दशांशाला किंमतही असते. या शर्यतीत मोठ्या प्रयोगशाळांशी बरोबरी होणे नाही. याउलट काचेत मोहोरबंद केलेले नमुने आकुर्डी, निगडी किंवा चाकण येथील महाविद्यालयाच्या गच्चीवर जून ते सप्टेंबर ठेवून, दर दहा मिनिटांनी त्यांची शक्ती, तापमान व आर्द्रता नोंदविणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज जमण्याजोगे आहे. कोरिया वा जर्मनीतील प्रयोगशाळेला चाकणचा पावसाळा हवामान-कक्षात कृत्रिमरीत्या उभा करावा लागतो. येथे तो दरवर्षी गच्चीवर येतो.