इक्बाल वगळल्यानंतर : दिल्ली विद्यापीठाच्या एका अभ्यासपत्रिकेची चिकित्सा

दिल्ली विद्यापीठाच्या विद्या परिषदेने २६ मे २०२३ रोजीच्या बैठकीत बी.ए. राज्यशास्त्राच्या 'आधुनिक भारतीय राजकीय विचार' या सहाव्या सत्राच्या अभ्यासपत्रिकेतून मोहम्मद इक्बाल यांच्यावरील घटक वगळण्याचा ठराव संमत केला. त्यावर जून २०२३ मध्ये कार्यकारी परिषदेची मोहोर उमटली. ज्यांनी देशाच्या विभाजनाचा पाया घातला त्यांना अभ्यासक्रमात स्थान नसावे, अशी भूमिका कुलगुरूंनी मांडली होती. त्यानंतर झालेली चर्चा बहुतांशी इक्बाल देशभक्त होते की देशद्रोही, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. ज्या अभ्यासपत्रिकेतून हा घटक काढला तिची रचना काय होती आणि तो काढल्यावर तिचे काय झाले, हे फारसे कोणी पाहिले नाही.

मूळ अभ्यासपत्रिकेत अकरा घटक होते. प्रास्ताविक घटकानंतर राममोहन रॉय, पंडिता रमाबाई, विवेकानंद, गांधी, आंबेडकर, टागोर, इक्बाल, सावरकर, नेहरू आणि लोहिया असा क्रम होता व प्रत्येकाच्या नावापुढे एकेक संकल्पना जोडलेली होती. टागोरांपुढे 'राष्ट्रवादाची चिकित्सा', इक्बालांपुढे 'समुदाय', सावरकरांपुढे 'हिंदुत्व', तर नेहरूंपुढे 'धर्मनिरपेक्षता'. हा क्रम कोणी जाणीवपूर्वक लावला असो वा नसो, त्यातून एक युक्तिवाद उभा राहत होता. टागोरांनी १९१६-१७ मध्ये जपान व अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत युरोपीय राष्ट्रवादाला विरोध केला. इक्बालांचा विरोधही त्याच राष्ट्रवादाला होता; परंतु त्यांचे उत्तर वेगळ्या दिशेने गेले. त्यानंतर येणारे सावरकर राष्ट्राची व्याख्याच पितृभू आणि पुण्यभू या दोन कसोट्यांवर करतात. एका प्रश्नाची तीन उत्तरे लागोपाठ वाचणारा विद्यार्थी निदान एवढे तरी विचारू शकत होता की, राष्ट्र कशाने बनते? मधला घटक गेल्यावर टागोरांवरून थेट सावरकरांवर उडी पडते, आणि ज्यांच्याविषयी सावरकर बोलत आहेत त्यांच्यापैकी एकाचेही म्हणणे अभ्यासपत्रिकेत उरत नाही. दहा विचारवंतांत मुसलमान एकच होता.

याहून गंभीर बाब वाचनयादीत दडलेली आहे. श्रेयांकाधारित निवड पद्धतीच्या अभ्यासक्रमात इक्बालांच्या घटकाखाली केवळ त्यांचीच भाषणे व निवेदने नव्हती. पुनर्रचनेसंबंधीच्या त्यांच्या धार्मिक विचारांवरील असगर अली इंजिनियर यांचा १९८० सालचा लेख तेथे होता आणि देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांच्या 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादातील काही पृष्ठेही होती. १९३८ च्या प्रारंभी मदनींनी दिल्लीच्या भाषणात असे प्रतिपादन केले की, आजच्या काळात कौम वतनावरून बनते. आजारी इक्बालांनी त्यावर फारसी ओळींतून कठोर टीका केली व मार्चमध्ये लाहोरच्या वृत्तपत्रात सविस्तर निवेदन दिले. २१ एप्रिल १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. मदनींनी आपली बाजू पुढे पुस्तकरूपाने मांडली. मदीनेत प्रेषितांनी यहुदी व अन्य गटांशी केलेल्या कराराचा दाखला देऊन त्यांनी मुसलमान आणि हिंदू मिळून एक कौम होऊ शकतात असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. हेच मदनी फाळणीला अखेरपर्यंत विरोध करीत राहिले. म्हणजे विभाजनाचे बीज पेरणाऱ्याला काढतो म्हणून जो घटक काढला, त्याच घटकाच्या आधाराने विभाजनाच्या विरोधातील सर्वांत ठाम मुस्लिम धर्मशास्त्रीय मांडणी वर्गात येत होती. इक्बालांबरोबर तीही गेली.

अर्थात मूळ रचना निर्दोष होती असे म्हणता येत नाही. एका विचारवंताला एक संकल्पना वाटून देण्याची पद्धत अध्यापनाला सोयीची असली तरी तिचे राजकारण आहे. स्त्रीने लिंगभावावर बोलायचे, दलिताने सामाजिक न्यायावर, मुसलमानाने समुदायावर. राज्य, स्वराज्य व समाजव्यवस्था हे विषय इतरांनी पाहायचे! पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराने आणि शारदा सदनाच्या वादाने एकेकाळी पुणे किती हादरले होते, याचा मागमूस 'लिंगभाव' या शीर्षकात उरत नाही. इक्बालांच्या बाबतीत तर 'समुदाय' या शब्दाने वादाचा गाभाच झाकला जातो. मदनी-इक्बाल वाद हा कौम आणि मिल्लत या दोन शब्दांत भेद करायचा की नाही, यावरचा होता. मराठीत समाज, समुदाय, जमात, राष्ट्र असे कोणतेही प्रतिशब्द योजले तरी हा भेद नीट उतरत नाही, मग एकाच इंग्रजी संज्ञेने तो कसा उतरावा?

शिवाय इक्बाल केवळ समुदायाचे विचारवंत नव्हते. जानेवारी १९२९ मध्ये मद्रास, म्हैसूर व हैदराबाद येथे आणि पुढे अलीगढला त्यांनी दिलेली व्याख्याने १९३० मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांत इज्तिहादचा अधिकार निरनिराळ्या फिकही पंथांच्या व्यक्तींकडून मुस्लिम विधिमंडळाकडे जावा, आधुनिक काळात इज्माला हेच एक शक्य रूप आहे, असे त्यांनी म्हटले. धार्मिक कायदा आणि निर्वाचित संस्था यांच्या संबंधाचा हा प्रश्न निव्वळ राज्यशास्त्राचा आहे. आपल्याकडे व्यक्तिगत कायद्याच्या चर्चेत दोन्ही बाजूंचे लोक तो टाळतात, ही गोष्ट वेगळी.

ठरावाच्या समर्थकांचा आक्षेप मात्र खोटा म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. २९ डिसेंबर १९३० रोजी मुस्लिम लीगच्या अलाहाबाद अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून इक्बालांनी पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत, सिंध व बलुचिस्तान यांचे एक राज्य व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली, ती ब्रिटिश साम्राज्याच्या आत किंवा बाहेर. बंगालचा त्यात उल्लेख नव्हता आणि लाहोर ठराव अजून दहा वर्षे दूर होता. तरीही पुढील घडामोडींशी या भाषणाचे नाते नाकारता येत नाही. इक्बालांचे मुस्लिम समर्थक येथेच पळवाट काढतात. ते १९०४ च्या 'तराना-ए-हिंदी'चा दाखला देतात आणि १९१० च्या 'तराना-ए-मिल्ली'विषयी मौन पाळतात. इक्बाल दिनाच्या सभांतून दरवर्षी हेच घडते. जो माणूस सहा वर्षांत एका तराण्याकडून दुसऱ्याकडे गेला, तो का गेला हे समजून घेणे हाच त्याच्या अभ्यासाचा खरा विषय आहे. गीत गाऊन त्याला निर्दोष ठरविणे आणि भाषण दाखवून त्याला हद्दपार करणे, या दोन्हींत वाचन होतच नाही.

याच विद्यापीठाच्या प्राचीन व मध्ययुगीन राजकीय विचारांच्या अभ्यासपत्रिकेत मनू होता आणि बरनीही होता. मनुस्मृतीचे दहन बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे केले. झियाउद्दीन बरनी आपल्या 'फतावा-ए-जहांदारी'त नीच कुळातल्यांना लिहिणे-वाचणे शिकवू नये असा सल्ला सुलतानांना देतो. या दोघांना शिकविल्याने कोणी त्यांचा अनुयायी होतो असे मानले गेले नाही, आणि ते योग्यच होते. सावरकरांनी १९३७ मध्ये अहमदाबादच्या हिंदुमहासभा अधिवेशनात भारतात दोन राष्ट्रे नांदत असल्याचे सांगितले होते. त्या कारणास्तव त्यांना वगळावे, असे येथे सुचवायचे नाही. त्यांचा घटक राहायलाच हवा. परंतु विभाजनाच्या बीजाची कसोटी लावायचीच असेल, तर ती एकाच नावापाशी का थांबते, याचा खुलासा ठरावाने केला नाही. अभ्यासक्रम ही सत्कारमूर्तींची यादी असती तर गोष्ट निराळी होती.

मौलाना आझाद या दहांमध्ये कधीच नव्हते, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, ज्यांच्या कारकिर्दीत १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला, त्यांचे रामगढ काँग्रेसचे मार्च १९४० मधील अध्यक्षीय भाषण एकात्म राष्ट्रीयत्वाची श्रेष्ठ मांडणी आहे. लाहोर ठराव त्याच महिन्यात झाला. इक्बालांना काढून आझादांना आणले असते तर निदान वैचारिक भूमिका आहे असे म्हणता आले असते, जरी तेही अपुरेच ठरले असते. हमीद दलवाईंसारखा मराठी मुस्लिम विचारवंत तर या यादीच्या आसपासही नाही.

गोवा, बेळगाव, बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील महाविद्यालयांवर दिल्लीचा हा ठराव बंधनकारक नाही. राज्यशास्त्राच्या विभागांना अलाहाबादचे भाषण, मदनींची पृष्ठे आणि रामगढचे भाषण हे तीन मजकूर एकत्र शिकविण्यापासून कोणी अडविलेले नाही. अडचण आहे ती भाषेची. उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मदनी आणि आझाद मूळातून वाचता येतात, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला अनुवादावर विसंबावे लागते. कौम आणि मिल्लत हे शब्द तसेच ठेवून, टिपांसह केलेला या तिन्ही मजकुरांचा मराठी अनुवाद शंभर-सव्वाशे पृष्ठांत सहज मावेल.