ह्युबर्ट हॅरिसन : आठवण नेमकी कशाची?

आज एका चरित्राविषयी बोलतो. थोडी तक्रारही आहे.

ह्युबर्ट हॅरिसन यांचा जन्म १८८३चा, सेंट क्रॉय या कॅरिबियन बेटावरचा. १९०० साली ते न्यूयॉर्कला आले, पुढे टपाल खात्यात कारकून झाले. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणजे तेव्हाचे सर्वांत वजनदार कृष्णवर्णीय पुढारी. त्यांच्यावर टीका केली आणि १९११मध्ये नोकरी गेली. मग समाजवादी पक्ष, रस्त्यावरची भाषणं, १९१७ला लिबर्टी लीग आणि ‘द व्हॉइस’ हे पत्र. १९२७ला, वयाच्या ४४व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४मध्ये.

हे सगळं उकरून काढलं जेफ्री पेरी यांनी. तेही टपाल खात्यातलेच कामगार बरं का! त्यांचे दोन जाडजूड खंड म्हणजे ऋण फेडणंच आहे.

मग तक्रार कशाची? हॅरिसन ‘हार्लेममधल्या जहालवादाचे जनक’, हे बिरुद पेरी पुन्हापुन्हा पुढे करतात. आता बघा, जनक म्हटलं की माणूस मोठा होतो, पण केवळ इतरांची प्रस्तावना म्हणून. त्याच्याशी वाद घालायची गरज उरत नाही. आणि हॅरिसन तर वादाचेच पुरुष! वॉशिंग्टन, समाजवादी, ड्यू बॉईस, गार्वी. त्यांनी कुणालाच सोडलं नाही. माझ्या मते विस्मृतीचं एक कारण इथेच आहे. जयंत्या साजऱ्या करतात त्या संघटना, आणि यांना वारसा सांगणारी संघटनाच उरली नाही.

त्यांचा मुद्दा नीट ऐका. गोरे कामगार तोंडाने ‘वर्ग आधी’ म्हणतात, पण वागताना वंश आधी पाहतात. तसं असेल, तर आम्हीही वंश आधी पाहू. हा नुसता अभिमान नव्हे, हे प्रत्युत्तर आहे. यातला ‘तर’ फार महत्त्वाचा. समोरच्याने आपलं वागणं बदललं, तर निष्कर्षही बदलेल. पेरींना हे ठाऊक होतं. पण तपशिलांच्या ढिगात या ‘तर’ची धार बोथट होते.

थडग्यावर दगड बसला, उत्तम झालं. पण हॅरिसन परत यायला हवेत ते आपली उलटतपासणी घ्यायला. समतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक चळवळीला त्यांचा प्रश्न आजही लागू आहे: तुम्ही बोलता काय, आणि आधी पाहता काय?