कर्नल घ्या, कर्नल!

मिरचीच्या आमच्या नंदुरबारात तयार तिखट विकत आणणं कमीपणाचं. मिरच्या वाळवून, देठं खुडून कांडपाच्या रांगेत शिंकलं पाहिजे! लिनक्सचं मात्र आम्ही तयार पाकीटच घेतो. "तयार कर्नल मिळतात," म्हटल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं, "पलटणीसकट का?"

आर्च लिनक्समध्ये आहेत खरे बरेच. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली काढलेला माल एकच, फरक कुटण्यात. साधा म्हणजे ताजा, 'एलटीएस' जुन्या आवृत्तीची डागडुजी होत राहिलेला, 'हार्डन्ड' कडीकुलपांचा, 'झेन' चपळ.

आम्ही अर्थात झेन निवडला. टंकण्याचा वेग तोच राहिला, बोटं आमचीच ना! वर वायफाय गेलं. त्याचा बाहेरून घातलेला ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो, अन् झेनची हेडर्स आम्ही घेतलीच नव्हती. नेमकी मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची रात्र. संगणक सुरू होतानाच्या यादीतून जुन्या एलटीएसला उठवलं, तेव्हा अर्ज गेला.

म्हणून आमचं मत: चपळ कर्नल खुशाल आणा, पण म्हाताऱ्याला घराबाहेर काढू नका. आमच्या बँकेतही संध्याकाळी न जुळणारे दहा रुपये शेवटी जुने हेडकॅशियरच शोधून देतात.