रातनिवारा

वनखात्यात नोकरी केलेले लेखक मारुती चितमपल्ली यांनी मराठीला लाखभर शब्द दिले, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. एवढा मोठा आकडा ऐकला की माणूस मान डोलावून मोकळा होतो आणि शब्द वाचायचा राहूनच जातो. म्हणून त्या राशीतला एकच शब्द आधी घेऊ: रातनिवारा. पाखरं रात्री जिथे एकत्र झोपतात त्या जागेला पक्षिशास्त्रात रूस्टिंग प्लेस म्हणतात. तिच्यासाठी चितमपल्लींनी हा शब्द वापरला.

शब्द तोंडात घोळवून पाहिला की पहिल्यांदा त्याचा नाद कळतो. ‘रा’वर उठतो आणि ‘रा’वरच बसतो. ‘रात्र’मधला जोडाक्षराचा खडा त्यांनी काढून टाकला आहे. बोलणारा माणूस रातच म्हणतो, त्यामुळे शब्द पुस्तकात जन्मला असला तरी वापरात आल्यासारखा गुळगुळीत वाटतो. दुसरा भाग त्याहून मोलाचा. निवारा म्हणजे घर नव्हे. निवाऱ्याला माणूस तात्पुरता थांबतो. पाऊस, वारा, ऊन, काहीतरी टाळण्यासाठी थांबतो. त्या शब्दात कोणापासून तरी केलेला बचाव आहे, आणि रात्री झाडावर एकत्र बसणाऱ्या पाखरांना घुबडापासून, मांजरापासून, थंडीपासून बचावच हवा असतो.

पण या शब्दाचं खरं काम याच्या पुढचं आहे. संध्याकाळी पाखरं घरट्याकडे परततात, असं आपण शाळेपासून लिहीत आलो. निबंधात लिहिलं, भावगीतात ऐकलं, लग्नपत्रिकेतही छापलं. पाखरांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खोटं आहे. घरटं असतं अंडी उबवायला आणि पिल्लं वाढवायला. पिल्लं उडाली की घरटं संपलं. सुतार पक्ष्यासारखी काही पाखरं ढोलीत झोपतात, तो भाग वेगळा. बाकी साळुंक्या, पोपट, कावळे, गायबगळे वर्षाचा मोठा काळ घरट्याविना असतात आणि रात्र काढायला ठरलेल्या झाडावर जमतात. गोंदियाकडच्या आमच्या मुर्री गावाच्या बाजूने दिवेलागणीला धानाच्या बांध्यांवरून गायबगळ्यांच्या रांगा जाताना दिसतात त्या घरी चाललेल्या नसतात. ‘घरटं’ या एका शब्दाने आपली नजर चुकीच्या जागी नेऊन ठेवली होती. रातनिवारा हा शब्द ती नजर उचलून योग्य फांदीवर ठेवतो. निशावास, विश्रामस्थल असं काही त्यांनी घडवलं असतं तर अर्थ तोच निघाला असता, पण डोळ्यांपुढे झाड आलं नसतं. बांधकाम विभागाचं विश्रामगृह आलं असतं. शहरातल्या बेघरांच्या सोयीला सरकारी कागदांत ‘रात्र निवारा’ म्हणतात. तिथेही घर म्हणायची सोय नाही, हे कागद लिहिणाऱ्यालाही कळलेलं आहे.

याच हातून आलेले दुसरे दोन शब्द मात्र मला इतके सहज पचत नाहीत. हेरनरीसाठी, म्हणजे बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीसाठी, सारंगागार आणि रूकरीसाठी, म्हणजे कावळ्यांच्या वसाहतीसाठी, काकागार. दोन्ही संस्कृत सांध्याने जोडलेले. चितमपल्लींनी संस्कृतचा कसून अभ्यास केला होता, हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या जुन्या ग्रंथाचा त्यांनी मराठी अनुवाद केला, तेव्हा हात तिकडे वळणं साहजिक होतं. अडचण अशी की आगार म्हटल्यावर गोंदियाच्या माणसाला एसटीचं आगार आठवतं आणि कोकणातल्या माणसाला मिठाचं आगर. हे हसण्यावारी नेता येईल. खरी अडचण काकागारात आहे. रूक हा युरोपातला कावळा; तो उंच झाडांवर वस्ती करून, शेजारी शेजारी घरटी बांधतो. आपले गावकावळे आणि डोमकावळे तसे वस्ती करून घरटी घालत नाहीत. एका झाडावर शेकड्यांनी जमतात ते झोपायला. म्हणजे काकागार या शब्दाला महाराष्ट्रात दाखवायला झाड नाही, आणि जे झाड आहे त्याला रातनिवारा पुरतो. शब्द डौलदार आहे, पण शब्दाखाली जमीन नाही.

सारंगागाराचं तसं नाही. बगळे, ढोकरी, पाणकावळे, करकोचे पावसाळ्यात एकाच चिंचेवर किंवा तलावातल्या बाभळीवर घरटी करतात, ही रोजची बघायची गोष्ट आहे. झाड विष्ठेने पांढरं पडतं, खाली पिल्लांच्या तोंडातून निसटलेले मासे पडतात, वास दूरवर जातो आणि गलका तर थांबतच नाही. गावात ‘बगळ्याची चिंच’ म्हटलं तरी भागतं. पण त्या झाडावर एकटे बगळे नसतात. मग अनेक जातींना पोटात घेईल असा शब्द हवा. संस्कृतात सारंग म्हणजे हरीणही, मोरही, चातकही. एरवी ज्याला सैलपणा म्हटला असता तो इथे कामी येतो. तरी मला वाटतं, हा शब्द कोशात राहील. रातनिवारा मात्र बोलण्यात येईल.

असा फरक एकाच लेखकाच्या शब्दांत का पडावा? माणूस सोलापूरचा, घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीत, नोकरी वनखात्यात. नोकरीतली महत्त्वाची वर्षं नवेगावबांधला गेली. गोंदियापासून साठेक किलोमीटरवरचा हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. नवेगावच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे त्यांना जंगलाचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार भेटले, ढीवर भेटले, गोंड भेटले. कोहळी समाजाने बांधलेला तो विस्तीर्ण तलाव भेटला. पुढचं सगळं लेखन त्या तलावाचं पाणी प्यायलेलं आहे. पुस्तकांची नावंच पाहा: ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘चकवाचांदण’. ‘पक्षिकोशा’त तर एकेका पाखराला अनेक भाषांतली नावं आहेत. २००६ मध्ये सोलापूरला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, २०२५ मध्ये पद्मश्री, आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच निधन. या मानसन्मानांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला शब्दांचे दोन उगम वेगळे करायचे आहेत: एक टेबलावर बसून घडवलेला, दुसरा कोणाच्या तरी तोंडून ऐकलेला किंवा ऐकल्यासारखा वाटणारा. चितमपल्लींकडे दोन्ही आहेत आणि दुसरा झरा कितीतरी गोड आहे.

रातवा घ्या. दिवसभर पाचोळ्यात बसलेला हा पक्षी पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. पिसांवर पाचोळ्याचीच नक्षी. त्याची ओळख पटते ती अंधारात, एकसुरी ठोक्यांच्या आवाजावरून, किंवा रानरस्त्यावर गाडीच्या उजेडात चमकलेल्या डोळ्यांवरून. नाव ठेवणाऱ्याने रंग, चोच, शेपूट काहीच घेतलं नाही, वेळ घेतली. जे दिवसा दिसतच नाही त्याचं वर्णन करायचं कसं, हा प्रश्न दोन-तीन अक्षरांत सुटला.

घाणेरी तर शेताच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. दक्षिण अमेरिकेकडचं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं म्हणून आपल्याकडे आलं आणि रान खात सुटलं. देशावर तिला घाणेरी म्हणतात, कोणी टणटणी म्हणतं. आमच्याकडे रायमुनिया. पहिलं नाव नाकाने ठेवलेलं. पान चुरगळलं की ते पटतं. तिसरं डोळ्यांनी ठेवलेलं: मुनिया हे इवल्या, ठिपक्याठिपक्यांच्या पाखराचं नाव, आणि पिवळी, केशरी, गुलाबी फुलं एकाच गुच्छात पाहिली की ते नावही पटतं. वनखात्याच्या लेखी उपद्रवी असलेल्या झुडपाला लोकांनी इतकं लाडकं नाव द्यावं, याची मला गंमत वाटते. उलट तलावाकाठच्या बेशरमचं नाव घ्यायला कोणी लाजत नाही. तीही बाहेरून आलेली, फुलं जांभळट आणि खरं तर सुंदर. पण तोडून फेकली तर फेकल्या जागी मूळ धरते, ढोरं तोंड लावत नाहीत, बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, कड गिळत जाते. मग फुलांचं कोण बघतो! नावात रूप नाही, निकाल आहे. निसर्गाचं वर्णन करणारे शब्द तटस्थ असावेत असा शास्त्राचा आग्रह असेल. गावाचा तसा अजिबात नाही.

गावाचा हा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो मातीच्या नावांत. कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बरडी. इंग्रजी अमदानीत जमाबंदी झाली तेव्हा साहेबांनाही ही नावं तशीच कागदावर घ्यावी लागली, कारण सारा ठरवायचा तर मातीची प्रत कळायला हवी आणि प्रत सांगणारे शब्द शेतकऱ्याजवळच होते. कन्हार काळी, खोल, ओल धरणारी. मोरांड काळीच, पण चुनखडीचे खडे मिसळलेली. बरडी उंचावरची, मुरमाड, पाणी न थांबणारी. आणि सिहार ही खास धानाची. हलकी, पिवळसर. पाण्यात लोणी, उन्हात वीट. चिखलणी झाली की ती अशी बसते की बांधीतलं पाणी खाली झिरपायला वेळ लागतो, आणि तेच धानाला हवं असतं. पाणी तुटलं की मात्र तिला कुदळ लागत नाही. म्हणून तर या मुलखात तलाव आणि बोड्या एवढ्या. सिहार सांभाळायची तर पाणी हाताशी हवं. या पाच नावांत रंग आहे, पण रंगापेक्षा वागणूक आहे. ती अनवाणी पायांनी ठेवलेली नावं आहेत.

कोशांविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती चितमपल्लींच्या कोशांनाही लागू पडते. कोश नामांचे होतात. पक्ष्यांचा, प्राण्यांचा, वृक्षांचा, माशांचा. कोशाची रचनाच तशी. पण निसर्ग स्वस्थ उभा नसतो आणि त्याच्याकडे पाहणाऱ्याची भाषा क्रियापदांत चालते. मुर्रीच्या घरांतून पोवारी, छत्तीसगढी, हिंदी, झाडीबोली सगळं ऐकू येतं. पाखराचं नाव घरागणिक बदलेल, पण पऱ्हे (रोपं) टाकणं, रोवणा (लावणी) लागणं, झड लागणं यात कोणाची चूक होत नाही. झड म्हणजे मुक्कामाला आलेला पाऊस, सरींचा नव्हे. ती येत नाही, ती लागते; व्यसन लागावं किंवा दृष्ट लागावी तशा अर्थाचं हे लागणं. उघाड मात्र लागत नाही, ती पडते किंवा मिळते. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही.

आणि निसवणं. धानाची लोंब पानाच्या वेढ्यातून बाहेर येते त्या क्रियेला हा शब्द. फुटणं म्हटलं असतं तर जोर आला असता, उगवणं म्हटलं असतं तर जमीन आली असती. निसवण्यात ‘नि’ आणि ‘स’च्या मधून काहीतरी सरकत बाहेर येतं, अगदी लोंबीच्या चालीने. हलकं धान आधी निसवतं, भारी मागून. बांधीच्या धुऱ्यावरून ‘निसवलं का?’ एवढं विचारलं की पाणी किती, कीड आहे का, कापणी कधी, मजूर कधी सांगायचे, सगळं त्यात विचारून होतं. निसर्गाच्या क्रियापदांचा कोश कोणी करायला घेतला तर माझ्यातर्फे पहिली नोंद हीच.