‘लाँग’ म्हणजे लांब नव्हे

माझे एक निवृत्त स्नेही परवा एका लाँग-शॉर्ट फंडाचं माहितीपत्रक घेऊन आले. ग्रॅच्युइटीतले दहा लाख त्यात घालायचे म्हणत होते. त्यांची समजूत अशी, की काही पैसे लांब मुदतीला, काही आखूड मुदतीला. मी हसलो नाही. दोष त्यांचा नव्हे, शब्दांचा आहे.

मुदतीचा इथे संबंधच नाही. लाँग म्हणजे शेअर मालकीचा. भाव चढला की फायदा. शॉर्ट म्हणजे शेअर उसना घेऊन विकलेला; पुढे बाजारातून घेऊन परत करायचा, म्हणून भाव पडला की फायदा. एकात तुम्ही मालक, दुसऱ्यात देणेकरी. आपले तेजीवाला-मंदीवाला हे शब्द अंदाज सांगतात, हे नातं सांगत नाहीत. ते सांगणारी जोडी ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये वापरली आहे: धन आणि ऋण.

जोडी म्हटली की दोन्ही बाजू सारख्या वाटतात. तशा त्या नाहीत. शंभरला घेतलेला शेअर फार तर शंभर बुडवील. शंभरला शॉर्ट केलेला तीनशेवर गेला तर दोनशे गेले, आणि वर छत नाही.

माझी खरी तक्रार ‘नेट एक्स्पोजर’ या शब्दाबद्दल आहे. समजा, फंडाकडे १०० रुपये, लाँग १००, शॉर्ट १००. नेट शून्य! समान धन आणि समान ऋण मिळून शून्य, हे ब्रह्मगुप्तही सांगतो. पण इथे धन एका कंपनीचं, ऋण दुसरीचं. पहिली दहा टक्के उतरली, दुसरी दहा टक्के चढली, की शंभरातले वीस गेले. हे कसलं शून्य? १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड विन्स्लो जोन्सनं (हा समाजशास्त्रज्ञ बरं का!) अशा दोन बाजू एकत्र बांधल्या. त्याला नाव मिळालं हेज, म्हणजे कुंपण. कुंपण सरसकट पडझडीपासून राखतं. शेअरांची निवडच चुकली तर नाही.

आपल्याकडे सेबीनं १ एप्रिल २०२५ पासून ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ सुरू करू दिले. किमान रक्कम दहा लाख. त्यांत शॉर्ट डेरिव्हेटिव्हमधून होतो, आणि बिनकुंपणाचा शॉर्ट निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांपर्यंतच चालतो. म्हणजे माझं वरचं उदाहरण त्यांना जसंच्या तसं लागू नाही. शब्दांचा घोटाळा मात्र तोच.

स्नेह्यांना म्हटलं, फंडवाल्यांना विचारा: धन किती, ऋण किती, वेगवेगळं सांगा. वजाबाकी आम्ही घरी करू.