जुनेर संपल्यावर गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. तान्ह्या बाळासाठी शिवलेले तिचे लहान, मऊ रूप म्हणजे दुपटे. सुईकाम म्हणून ही कला अवघड नाही. धावदोरा हा शिवणातला सर्वांत सोपा टाका असून तो एका दुपारीत शिकता येतो. म्हणूनच नव्या पिढीच्या हाती ती टिकेल की नाही, याचा विचार सुईपासून नव्हे तर कापडापासून सुरू करावा लागतो.

गोधडीचे माप नऊवारी लुगड्याने ठरवले. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे सुती लुगडे चार पदरी घातले की दोन मीटर लांबीची आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढ्या रुंदीची घडी मिळते. एका माणसाला ती नेमकी पुरते. बाहेरून त्यातल्या त्यात धड लुगडे, आत विरलेली धोतरे, सदरे, उसवलेली पातळे आणि कित्येकदा आधीची जीर्ण गोधडीच, अशी तिची बांधणी असे. वर्षानुवर्षे धुऊन ताठा गेलेले सूत सुईला अडवत नाही, घाम शोषते आणि अंगाला बोचत नाही. जुनेर हा नाइलाजाने वापरलेला कच्चा माल असला, तरी या कामासाठी नव्या कापडापेक्षा तोच सरस होता.

शेतीची कामे उरकल्यावर, उन्हाळ्यात गोधड्या शिवायला घेत. सारवलेल्या जमिनीवर थर अंथरायचे, सुरकुत्या हाताने काढायच्या, कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवून कडा लांब टाक्यांनी टाचून घ्यायच्या. मग बहुधा कडेपासून सुरुवात करून दोरा चौकोनात चौकोन करत मध्याकडे नेला जाई. दोघी-तिघी बायका वेगवेगळ्या बाजूंना बसल्या की प्रत्येकीच्या टाक्याची लांबी निराळी पडते, आणि जाणकार नजरेला कोणती बाजू कोणी शिवली ते कळते. कापड विरलेल्या जागी ठिगळ लावायचे ही दुरुस्ती झाली; पण हिरव्या खणाशेजारी विटका लाल तुकडा ठेवायचा की पांढरा, हे ठरवताना शिवणारीची दृष्टी कामाला लागते. याउपर तिच्या हाती नसलेला भागही असतो. दोऱ्याच्या ओढीने कापडावर ज्या बारीक लाटा उठतात, त्या पहिल्या धुण्यानंतरच नीट दिसू लागतात. नवी गोधडी त्यामुळे अर्धवट झालेलीच असते.

सुती लुगड्याची जागा पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या सहावारी साड्यांनी घेतली आणि या व्यवस्थेचा पायाच हलला. कृत्रिम धाग्याचे कापड सुईखाली सरकते, घाम शोषत नाही आणि कितीही धुतले तरी सुतासारखे मऊ पडत नाही. शिवाय ते लवकर फाटतही नाही, त्यामुळे जुनेर तयार होण्याचा वेगच मंदावला. शहरांत जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण आधीपासून दारात उभी होतीच. गोधडीत न बसणाऱ्या साड्या तिच्याकडे गेल्या. पुढे पानिपतच्या स्वस्त, लोकरीसारख्या दिसणाऱ्या ब्लँकेटांनी ऊब विकत मिळू लागली. घरात डबल बेड आला, तेव्हा एका पन्ह्याची गोधडी त्याला अपुरी पडली. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे ओढ्यावर किंवा नदीवर नेऊन धुण्याची रीत होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या घराला भिजलेली चार थरी गोधडी पिळायची कुठे आणि वाळत घालायची कुठे, हा साधा प्रश्नही सोडवता येत नाही.

तरुण मुलींना आवड उरली नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत शून्य धरली जाई, आणि त्या शून्यावरच गोधडी फुकट ठरत होती. शाळा, नोकरी किंवा रोजाची मजुरी करणाऱ्या मुलीच्या वेळेला किंमत आल्यावर हा हिशेब जुळत नाही. त्यातच गोधडीवर गरिबीचा शिक्का आहे. गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडे महाराज म्हणत, ते आदराने. पण पाहुणे आले की वाकळ आत लपवून ब्लँकेट बाहेर काढणाऱ्या घरांत त्या आदराचा काही उपयोग नव्हता. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शालेय पाठ्यपुस्तकात आहे, म्हणजे जिने कधी गोधडी पांघरली नाही अशी मुलगीही ती अभ्यासते. एकूणच गोधडीविषयीच्या मराठी लेखनात माया इतकी असते की मजुरीला जागा उरत नाही.

आज ही कला तीन ठिकाणी दिसते. ‘जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल’ असे फलक लहानमोठ्या गावांत लागलेले आहेत. तेथे बहुतेक काम शिलाई मशीनवर होते. मशीनची टीप सरळ, घट्ट आणि एकसारखी असते. ती थरांना आवळून टाकते आणि कापडात हाताच्या टाक्यासारखी लाट उठत नाही. अशी गोधडी टिकाऊ असते, ऊबही देते, पण पाहण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते. दुसरे ठिकाण शहरी दुकानांचे आणि प्रदर्शनांचे. येथे नवे छापील सुती कापड, आत पॉलिएस्टरचा पातळ थर आणि जुळवलेले रंग वापरतात. ठिगळांचे नुसते चित्र छापलेली चादरही येथे गोधडी म्हणून खपते, तिच्याविषयी बोलण्याची गरज नाही. हाताने शिवलेल्या चांगल्या नगांचाही एक दोष आहे. ग्राहकाला रंगसंगती आधी ठरवून हवी असते, त्यामुळे हाती आलेल्या चिंध्यांतून वाट काढण्याचे जे कौशल्य गोधडीला रूप देत होते, त्याला वावच मिळत नाही. तिसरे ठिकाण दुपट्याचे, आणि तेच सर्वांत जिवंत आहे. बाळाच्या अंगाला जुने सुतीच हवे, ही समजूत शहरातल्या सुशिक्षित घरांतही टिकून आहे. लहान आकारामुळे कामाचा वेळ आटोक्यात राहतो आणि आजीची एखाददुसरी जुनी सुती साडी त्याला पुरते.

इतर प्रांतांचे अनुभव येथे उपयोगी पडतात. बंगालच्या नक्षी कांथेला, म्हणजे थरांवर चित्रे भरलेल्या पांघरुणाला, 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर प्रीतिकणा गोस्वामी यांना 2023 मध्ये कांथाकामासाठी पद्मश्री. बाजारात मात्र कांथा तगली ती मुख्यतः पांघरूण म्हणून नव्हे. टसरच्या साडीवर, ओढणीवर तिचा टाका आला आणि थर गळून पडले. कांथेत फुले, प्राणी, माणसे असल्यामुळे तिला हे साधले. गोधडीत सहसा चित्र नसते. थर आणि दोऱ्याच्या ओळी काढून घेतल्या तर उरते ते फक्त कापड. बंगालचा मार्ग तिला म्हणूनच मानवणारा नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचे उदाहरण अधिक जवळचे आहे. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज गोव्यातील पोर्तुगीज सत्तेखालून निसटून त्या जंगलांत आले, आणि त्यांच्या बोलीत कोकणीचा मोठा वाटा आहे. त्यांच्या ‘कवंदी’ या गोधडीतही दोरा कडेकडून मध्याकडे जातो. कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री जॉन ड्र्यूअल यांच्या सहभागाने 2004 च्या सुमारास तेथे बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे कवंद्यांची प्रदर्शने न्यूयॉर्कपर्यंत पोचली. कापड जुनेच, रचना शिवणारीचीच, पण नगाला दाम. मराठी गोधडीच्या बाबतीत हे तिन्ही एकत्र आलेले क्वचितच दिसते. बहुतेक उपक्रम दामासाठी पहिल्या दोन गोष्टी सोडून देतात.

एक अडचण शिकण्याचीही आहे. जीर्ण गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते आणि शेवटी पायपुसणे होते, त्यामुळे जुने नमुने फारसे उरतच नाहीत. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक केले, तसे काम थोडेच आहे. टाका कोणीही दाखवू शकेल, पण थर किती ठेवायचे, विरलेले कापड कोणत्या जागी घालायचे, दोन ओळींत अंतर किती सोडायचे, हे एखादी जुनी गोधडी उसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. हस्तकलेच्या वर्गांत मुलींना नवे कापड कापून चौकोन जोडायला शिकवतात. उसवायला मिळेल अशा जुन्या गोधड्या अजून गावांतल्या ट्रंकांमध्ये, म्हाताऱ्या बायकांच्या ताब्यात आहेत.