धरणावरचे दोन चित्रपट : गोदार आणि ओल्मी

ज्याँ-ल्यूक गोदार म्हटलं की आपल्याला ‘ब्रेथलेस’ आठवतो, पॅरिसचे रस्ते आठवतात. पण या माणसाने पहिला चित्रपट केला तो एका धरणाच्या कामावर. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, ऐन आल्प्समध्ये, ग्रांद दिक्साँस हे धरण उभं राहत होतं. तेविशीतला गोदार तिथे आधी मजूर म्हणून लागला, मग टेलिफोनवर बसला. १९५४ साली त्याने तिथेच जेमतेम वीस मिनिटांचा माहितीपट केला, ‘ओपेरासियों बेताँ’. म्हणजे ‘मोहीम काँक्रीट’ म्हणा. धरणाच्या कंपनीने तो विकत घेतला आणि प्रसिद्धीसाठी वापरला.

आपल्याकडे धरण आणि साहित्य म्हटलं की विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ समोर येते. तिथला प्रश्न उठवल्या गेलेल्या माणसांचा आहे. मी आज बोलणार आहे ते बांधणाऱ्या माणसांबद्दल, आणि ती पडद्यावर कुठे जातात याबद्दल.

आधी हे धरण किती मोठं आहे ते बघा, कारण चित्रपटाची सगळी मोहिनी त्यात आहे. उंची २८५ मीटर. काँक्रीट जवळपास साठ लाख घनमीटर. आल्प्समधल्या नद्यांना पाणी येतं उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर. आणि तिकडे विजेची खरी गरज असते हिवाळ्यात. म्हणजे उन्हाळ्याचं पाणी वर कोंडून ठेवायचं आणि थंडीत खाली सोडायचं. एका दरीचं पाणी एवढ्या तलावाला पुरणार नाही, म्हणून पार झेरमाटपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर बोगदे खणले आणि पस्तीस हिमनद्यांचं पाणी वळवून आणलं. काँक्रीट ओतायचं तेही उन्हाळ्याच्या महिन्यांतच, थंडीत ते जमत नाही. त्यामुळे हंगामात काम रात्रंदिवस.

गोदारचा कॅमेरा या काँक्रीटच्या मागे मागे जातो. डोंगरातून दगड निघतो, फुटतो, खडी पट्ट्यांवरून सरकते, सिमेंट तारेवरून वर येतं, मिश्रण होतं, प्रचंड बादल्या दरीवरून लोंबकळत जातात आणि रिकाम्या होतात. पार्श्वभूमीला बाख आणि हँडल. निवेदन स्वतः गोदारचं. आणि खरं सांगू? बघायला मजा येते. एक गोष्ट दुसरीला कशी जोडली आहे हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं फार थोडं बघायला मिळतं. पुढे संकलनासाठी गाजलेला दिग्दर्शक इथे अगदी आज्ञाधारक आहे, शॉटमागून शॉट सुतासारखा सरळ.

माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रपटात माणसं भरपूर आहेत, पण प्रत्येक जण काँक्रीटच्या प्रवासातली एक पायरी म्हणूनच येतो. बादली पुढे गेली की तोही गेला. तो राहतो कुठे, घरी पैसे कधी पाठवतो, वर किती महिने असतो, काही नाही. निवेदन तर कंपनीच्या माहितीपत्रकासारखं बोलतं. आणि हे कोणी केलं? जो स्वतः तिथे राबला होता त्याने! टेलिफोनवर बसलेल्याच्या कानावर काय काय आलं असेल, विचार करा. त्यातलं काही चित्रपटात उतरलं नाही.

लगेच कोणी म्हणेल, अहो, कंपनीला विकायचा होता ना. मला हे उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही त्यासाठी दुसऱ्या चित्रपटाकडे येतो.

एर्मान्नो ओल्मी हा इटालियन दिग्दर्शक तर एदिसोनव्होल्ता या वीज कंपनीचा पगारी नोकर होता. कंपनीसाठी त्याने कितीतरी माहितीपट केले. १९५९चा त्याचा पहिला कथापट ‘इल तेम्पो सी ए फेर्मातो’, ‘वेळ थांबली आहे’, तोही कंपनीच्याच पैशांतून झाला. स्थळ पुन्हा धरण, या वेळी इटलीच्या बाजूचं, अदामेल्लोच्या डोंगरांतलं. पण ओल्मीने ऋतू बदलला. हिवाळा आहे, काम बंद आहे, बर्फ पडलंय. अर्धवट धरणाची राखण करायला दोनच माणसं वर: मुरलेला नाताले, आणि बदली म्हणून आलेला रोबेर्तो हा विद्यार्थी. दोघंही नट नाहीत. नाताले सुरुवातीला पोराशी धड बोलतसुद्धा नाही. मग एक वादळी रात्र येते, पोराला ताप भरतो, आणि म्हातारा त्याची काळजी घेतो. गोष्ट एवढीच.

कृष्णधवल, पण रुंद पडदा. रुंद पडदा तेव्हा लढाया आणि रथ दाखवायला वापरत. ओल्मी तो एका खोलीतल्या दोन माणसांमधलं अंतर दाखवायला वापरतो. काम थांबल्यामुळे माणसाकडे बघायला त्याला वेळ मिळाला. धरण मागे आहेच, मुकं, अर्धवट, बर्फाखाली. म्हणजे पैसा कंपनीचा दोन्हीकडे. फरक कॅमेरा कशाच्या मागे जातो याचा आहे.

ओल्मीतही एक उणीव आहे, ती झाकू नये. त्याच्या डोंगरावर कुणाचं काही बिघडत नाही. वादळ येतं आणि जातं. मालक कुठे दिसत नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी नाही. प्रेमळ चित्रपट आहे, आणि तो प्रेमळपणा कंपनीला परवडणारा आहे.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. व्हालेमध्येच, सास दरीत, माटमार्क धरणाचं काम चालू होतं. मजुरांच्या बराकी, कँटीन, वर्कशॉप हे सगळं आलालिन हिमनदीच्या बरोबर खाली. ३० ऑगस्ट १९६५ रोजी हिमनदीचं टोक तुटलं आणि वीस लाख घनमीटरच्या आसपास बर्फ नि दगड खाली आले. ८८ माणसं मेली, त्यातली ५६ इटालियन. म्हणजे बहुतेक नातालेच्या देशातली. हंगामी परवान्यावर येणाऱ्या मजुराला स्वित्झर्लंडमध्ये बायकापोरं आणायची मुभा नव्हती. त्याचं घर म्हणजे ती बराकच. १९७२मध्ये सतराही आरोपी निर्दोष सुटले, आणि अपिलानंतर निम्मा खर्च मृतांच्या कुटुंबांवर टाकला गेला.

बराकी कुठे बांधल्या, हा प्रश्न गोदारच्या चित्रपटात येऊच शकत नाही, कारण त्याचा कॅमेरा बराकीकडे वळतच नाही. ओल्मीचा खोलीत शिरतो, पण खोलीच्या वर काय लटकतंय ते विचारत नाही.

दोन्ही बघाच, आणि आधी गोदार बघा. त्याच्या बादल्या, ते बाख डोक्यात असतानाच ओल्मी लावा आणि आवाज जरा मोठा ठेवा. बोलणं फार कमी आहे त्यात, बराच वेळ बाहेरचा वाराच ऐकू येतो.